बंद पडतं, बघा

पुण्यात तक्रार करणाऱ्याकडे निकाल तयार असतो, पुरावा मागायचा नसतो. आमचं ॲप सोसायट्यांचा मेंटेनन्स भरण्यासाठी आहे. कोथरूडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका महिन्याच्या पहिल्या आठवड्यात न चुकता फोन करत.

"तुमचं ते ॲप बंद पडतं."

"कधी पडतं, काका?"

"उघडलं की."

"काय दाबल्यावर?"

"ते मी कशाला सांगू? ॲप तुमचं आहे ना?"

स्क्रीनशॉट मागितला, तर फोनच्या होम स्क्रीनचा आला. गणपतीचा वॉलपेपर, खाली चार आयकॉन. ॲप बंद पडल्यावर काढलेला. त्यात खोटं काहीच नव्हतं म्हणा.

मग एक दिवस बॉसला प्ले स्टोअरचा नियम कळला: रोज वापरणाऱ्यांपैकी १.०९ टक्क्यांहून जास्त लोकांसमोर ॲप कोसळत असेल, तर स्टोअर त्याला मागे ढकलू शकतं. काकांच्या फोनांनी जे झालं नव्हतं ते त्या दशांशाने एका दुपारीत केलं. ॲप कुठे आणि का कोसळलं ते आपल्याला कळवणारं क्रॅशलिटिक्स बसवायचं ठरलं. (हे प्रकरणही बरंच फिरलेलं. २०१३ साली ट्विटरने घेतलं, २०१७ साली ते गूगलकडे गेलं. दुसऱ्यांचे अपघात मोजणाऱ्याला गिऱ्हाईक कमी पडत नाही.)

बसवणं सोपं. सेटिंगची जेसन फाइल फोल्डरात टाका, ॲप बांधणाऱ्या ग्रेडलमध्ये ओळी वाढवा, सिंक होईपर्यंत चहा पिऊन या. पुढची पायरी मजेशीर: एक बटण ठेवा आणि मुद्दाम ॲप पाडा. पाडलं. रिपोर्ट दिसायचा तो डॅशबोर्ड कोरा. पुन्हा पाडलं. कोराच. एरवी शिंकलं तरी कोसळणाऱ्या ॲपचा एक साधा क्रॅश नोंदवता येईना. टेस्टिंगवाली म्हणाली, "काकांना बोलवू या का?"

गोम अशी की मरता मरता निरोप धाडायचं त्राण ॲपमध्ये नसतं. ते बिचारं फोनमध्येच दोन ओळी खरडून ठेवतं आणि पुढच्या वेळी उघडलं की पाठवतं. म्हणजे ॲप पाडून भक्तिभावाने डॅशबोर्डकडे बघत बसणाऱ्याला काही दिसत नाही. आणि चिडून ॲप काढूनच टाकणाऱ्याचा निरोप त्याच्याबरोबरच जातो.

ॲप पुन्हा उघडलं, डॅशबोर्ड जागा झाला, नवीन आवृत्ती लोकांकडे गेली. पहिल्या आठवड्यात रिपोर्टांची रांग लागली. फोन कुठला, अँड्रॉइड कितवं, मेमरी किती शिल्लक, फोन उभा धरला होता की आडवा, सगळं हजर. फक्त माणसाचं नाव नाही. आणि त्यात वारंवार एकच ओळ: नंबर फॉरमॅट एक्सेप्शन, फॉर इनपुट स्ट्रिंग "१८५०.००". म्हणजे, हा आकडा मला वाचता येत नाही.

आकडे देवनागरी! फोनची भाषा मराठी असली की जावा, म्हणजे ॲपचा कोड ज्या भाषेत आहे ती, रक्कम लिहिताना मराठी अंक वापरते. इथवर ठीक. पण तीच रक्कम परत वाचायला गेली, की पार्सडबल नावाच्या फंक्शनला देवनागरी ओ की ठो कळत नाही. ते हात वर करतं. हा कोड लिहिणारा गडी केव्हाच बंगळुरूला गेला, त्यामुळे सर्वानुमते दोष त्याचा. ऑफिसात बसलेल्या सगळ्या अस्सल पुणेकरांचे फोन इंग्रजीत, म्हणून आमच्याकडे ॲप झकास चालायचं. बंद पडायचं ते फोन मराठीत ठेवणाऱ्यांचंच. आम्ही मात्र काकांना "नेट बघा, नेट" सांगत होतो.

जिथे जिथे रक्कम लिहिली जाते तिथे लोकेल यूएस टाकलं, म्हणजे फोन कुठल्याही भाषेत असो, अंक इंग्रजीच. क्रॅश थांबले, बॉस खूश, आलेख जमिनीला टेकला. नव्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काकांचा फोन.

"आता बंद पडत नाही."

"वा, काका!"

"कसलं वा? आकडे इंग्रजीत का केलेत? इथे मराठी माणसं राहत नाहीत का? एक स्टार दिलाय, बघून घ्या."