खापर प्रथिनांवरच का फोडायचं?

रोगकारक जिवाणू आपल्याला आजारी पाडतात ते बाहेर टाकलेल्या प्रथिनांनी, आणि काही जण तर ती सुईसारख्या नळीतून थेट आपल्या पेशीत टोचतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: प्रथिनं तर सगळेच जिवाणू बाहेर टाकतात, निरुपद्रवीसुद्धा, माणूस आजारी पडतो तो प्रतिकारशक्ती कमी म्हणून, ‘सुई’ हा शब्द मी भीती घालायला वापरला, आणि अँटिबायोटिकनं जिवाणू मेला की विषय संपतो.

पहिलं वाक्य अगदी मान्य. मातीतले जिवाणू विकरं बाहेर सोडूनच पालापाचोळा कुजवतात. पण प्रश्न प्रथिन बाहेर टाकण्याचा नाहीच, ते जाऊन कुठे बसतं याचा आहे. कॉलऱ्याचं घ्या. शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी १९५९ साली कोलकात्यात कॉलऱ्याचे जिवाणू वाढवलेला द्रव गाळून जिवाणूविरहित केला आणि सशाच्या आतड्याच्या, दोन्हीकडून दोऱ्यानं बांधलेल्या तुकड्यात टोचला. तुकडा पाण्यानं टम्म फुगला. आत जिवंत जिवाणू नव्हते, होतं ते त्यांनी बाहेर टाकलेलं विष. हे विष म्हणजे एक प्रथिनच, ते आतड्याच्या पेशीतला एक स्विच चालू अवस्थेतच अडकवून ठेवतं. मग पेशीतून क्लोराइड बाहेर पडत राहतं आणि त्यामागोमाग पाणी.

प्रतिकारशक्तीचा मुद्दा तर तुमच्याच अंगावर उलटतो. धनुर्वाताच्या लशीत जिवाणू नसतो, निष्प्रभ केलेलं विष असतं. तेवढ्या ओळखीवर रोग टळतो. उलट धनुर्वात होऊन गेलेल्या धडधाकट माणसालाही लस घ्यावीच लागते, कारण रोग घडवणारी विषाची मात्रा इतकी सूक्ष्म असते की शरीराला तिची दखल घ्यायलाही ती पुरत नाही. मग कमी काय पडलं, ताकद की ओळख?

आता सुई. साल्मोनेला या रोगकारक जिवाणूच्या अंगावरची ती रचना १९९८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली: तळाशी कडी, वर पोकळ नळी. नळी इतकी अरुंद की घडी घातलेलं प्रथिन तिच्यातून जातच नाही. जिवाणू ते उलगडून धाग्यासारखं पुढे सरकवतात आणि पलीकडे, आपल्या पेशीत, त्याची पुन्हा घडी बसते. जुलाब घडवणाऱ्या एका जातीच्या ई. कोलाय जिवाणूचा आगाऊपणा तर बघा. तो या मार्गानं ‘टिर’ नावाचं प्रथिन आपल्या पेशीत धाडतो, ते पेशीच्या पृष्ठभागावर उभं राहतं आणि मग तो त्यालाच येऊन चिकटतो. म्हणजे बसायला पाटही स्वतःच घेऊन येतो! दुसरा शब्द सुचला तर जरूर कळवा, मला ‘सुई’च योग्य वाटते. (शेंगवर्गी झाडांच्या मुळांवर गाठी करणाऱ्या काही रायझोबियमकडेही अशीच सुई असते, तेव्हा ती असली की जिवाणू खलनायक, असं मी म्हणत नाही.)

राहिलं अँटिबायोटिक. ‘शिगा’ नावाचं विष बनवणाऱ्या ई. कोलायमध्ये त्या विषाचं जनुक मुळात जिवाणूत दडून बसलेल्या विषाणूचं असतं. काही अँटिबायोटिकांच्या माऱ्यानं तो विषाणू जागा होतो, जिवाणू फुटतो आणि विष आणखीच मोकळं होतं. म्हणून या संसर्गात डॉक्टर सहसा अँटिबायोटिक देणं टाळतात.