आजी न दिसणारा आजीचा फोटो कसा काढावा

घरात सहस्रचंद्रदर्शन ठरलं, की हॉल, आचारी आणि पैठणी यांवरची भांडणं संपल्यावर कुणीतरी हळूच म्हणतं, ‘आजीचा एक चांगला फोटो काढून ठेवायला हवा.’ यातल्या ‘ठेवायला’कडे लक्ष द्यायचं नाही. सगळ्यांनी पंख्याकडे बघायचं आणि लगेच जागेच्या चर्चेला लागायचं.

जागा म्हणून घराचा विचारही करू नका. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात माजघराला उत्तरेची खिडकी आहे. दुपारी तिथे ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. आजी तिथेच वाती वळत बसते. कापसाचा पेळू तळहातावर, बोट दुधात बुडवलेलं, खालचा ओठ आत धरलेला, कारण मोजणी चालू असते. खिडकीकडचा गाल उजळतो आणि पलीकडच्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण पडतो. या त्रिकोणाला फोटोग्राफीत डच चित्रकार रेम्ब्रांटचं नाव आहे. तो मिळवण्यासाठी स्टुडिओवाले दिवा पंचेचाळीस अंशांवर सरकवत बसतात. आपल्याला तो फुकट मिळतोय म्हणजे त्यात काहीतरी गफलत असणार. शिवाय मागे पाण्याचं पिंप दिसतं.

तेव्हा आजीला कृष्णपुरा छत्रीवर न्या. भाच्याने तिथली प्री-वेडिंगची रीलं बघितलेली असतात. पायऱ्या आहेत, आजीचे गुडघे आहेत, पण बॅकग्राउंड ‘रॉयल’ येतं. छत्री म्हणजे गेलेल्या माणसाचं स्मारक, हे आजीला पक्कं ठाऊक असतं. ती काही बोलत नाही.

वेळ दुपारी बाराची ठरवा, नंतर सराफ्यात काम असतं. ऊन बरोबर डोक्यावरून येतं, भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे उरतात. कुणी शहाणा ‘सावलीत बसवा, समोरून पांढरी चादर धरा’ असं सुचवेल, त्याला चहा आणायला पिटाळा. आधी मोबाइलने काढून बघायचं असेल तर अगदी जवळ जा. नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान लांब, मग नाक फुगून बसतं. दोन पावलं मागे सरून झूम केलं तर आजी आजीसारखी येण्याचा धोका असतो.

याच छत्र्यांमधली एक दुसऱ्या तुकोजीराव होळकरांची. त्यांच्या काळात इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणाऱ्या दीनदयाळांना फोटोग्राफीचा नाद लागला आणि महाराजांनी तो पुरवला. पुढे ते निजामाच्या दरबारात राजा दीनदयाळ झाले. त्या जमान्यात काचेच्या प्लेटवर चित्र उमटायला कित्येक सेकंद लागत, म्हणून स्टुडिओत माणसाच्या मानेमागे लोखंडी टेकू लावत. आता डोळ्याचं पातं लवायच्या आत फोटो निघतो. आपण टेकू मात्र सोडलेला नाही, फक्त तो आता तोंडी असतो.

‘दादी, पीठ सीधी. कंधे ढीले. ठुड्डी आगे. अब थोड़ी नीचे. और नीचे.’

साठ वर्षं इंदुरात काढलेल्या आजीने विचारलं, ‘और कितनी नीचे, बेटा? ज़मीन में?’

फोटोग्राफर खो खो हसला, आजी हसली, आम्हीही हसलो. त्या क्षणी कॅमेरा खाली असणं फार महत्त्वाचं. आमच्याकडे तो होता. हसू ओसरलं, मग त्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाला, ‘हाँ, अब स्माइल.’

स्माइल सांगूनच आणायची. १८६२ साली द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दात नसलेल्या एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला विजेचे झटके देऊन दाखवून दिलं, की ओठांचे कोपरे हुकमावर वर जातात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय सहसा हलत नाही. आपल्याला ओठ पुरे आहेत. त्यातही ओठ मिटलेले हवेत, कवळी दिसली तर आत्या रागावते. तरीही चुकून डोळे हसलेच, तर काळजी नको. डोळ्यांच्या कडेला ज्या सुरकुत्या पडतात त्या कॉम्प्युटरवर पहिल्याच फेरीत पुसल्या जातात.

(आमच्याच इंदूरच्या यशवंतराव होळकर आणि संयोगिताराणींचे, मॅन रे या अमेरिकन फोटोग्राफरने १९३०च्या आसपास काढलेले फोटो बघा. एकमेकांना बिलगून, मजेत बसलेले. राजे होते म्हणून चाललं. मध्यमवर्गीय घरात फोटो काढताना माणसाने थोडं घाबरलेलंच बरं दिसतं.)

रिटचिंगच्या वेळी फोटोग्राफरच्या शेजारी किमान चार नातेवाईक बसवा. काकांना रंग उजळ हवा, आत्याला मान बारीक. गालावरचा तीळ ‘डाग वाटतो’ म्हणून काढा. मुंबईचा चुलतभाऊ व्हिडिओ कॉलवरून मागची छत्री काढून निळं आभाळ टाकायला सांगेल, तेही करा. चष्म्यात चमक आलेली असते. चष्मा थोडा खाली झुकवला असता तर ती आलीच नसती, पण आता अख्खा चष्माच काढून टाकणं सोपं. फ्रेम सोनेरी घ्या. आमच्या दुकानदाराने न सांगता वरच्या बाजूला दोन हूक जास्तीचे दिले. कशाला, ते कुणी विचारलं नाही.

फोटो घरी आला तेव्हा आजी खिडकीत वाती वळत होती. तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि फ्रेम लांब धरून बराच वेळ बघितलं.

‘चेहरा ओळखीचा वाटतो,’ म्हणाली. ‘कधी गेल्या?’