तिकडे बघा म्हणे!

मागच्या महिन्यात बाबांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक कात्रण टाकलं. रेल्वेतली ज्येष्ठ नागरिकांची सवलत पुन्हा सुरू करा, असं वाचकाचं पत्र. काकांनी आणि मावशीने खाली लगेच हात जोडले. मग मामेभाऊ उगवला. पुण्यात असतो, पस्तिशीचा आहे आणि त्याला चहाच्या कपातही देशाचं अर्थकारण दिसतं. त्याने लिहिलं, "आपल्याला फुकटची सवय लागलीय. तिकडे बघा. तिकडे प्रत्येक जण पूर्ण पैसे मोजतो, म्हणून तिकडच्या गाड्या तशा आहेत. हवं तर दादाला विचारा."

दादा म्हणजे मी. तिकडे म्हणजे जर्मनीतलं न्युर्नबर्ग. सोळा वर्षं झाली.

विषय नवा नाही. साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नपुढच्या बायकांना ५० टक्के सूट असायची. करोना आला आणि २० मार्च २०२० पासून ती बंद झाली. करोना गेला, सूट काही आली नाही. मिरज ते पुणे स्लीपरने गेलं तर साठ-सत्तर रुपयांचा प्रश्न, एसीने गेलं तर दोनशेच्या आसपास. एवढ्यासाठी काय भांडायचं, असं मामेभाऊ म्हणू शकतो, कारण तो जातो स्वतःच्या गाडीने.

मला राग सवलतीवरून आला नाही. "तिकडे बघा"वरून आला. आपल्याकडे कुणाला काही द्यायचं नसलं की तिकडे बघायला सांगतात. आणि तिकडे नक्की काय चालतं हे बघणारा माणूस त्या वेळी म्युनिकहून येणाऱ्या रिजनल गाडीत दाराशी उभा असतो, कारण आयसीई या वेगवान गाडीने तासाभरात घरी पोचवलं असतं, पण रिजनलचे पावणेदोन तास महिन्याच्या पासात बसतात.

मग मी लिहायला घेतलं. वाटेतलं इंगोलश्टाट स्टेशन येईपर्यंत लिहीत होतो.

पूर्ण पैसे? या देशात पूर्ण भाडं भरणारा एक तर कंपनीच्या खर्चाने फिरत असतो, नाहीतर कालच विमानातून उतरलेला असतो. बाकी सगळे सवलतीवर. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजींकडे पासष्टीपुढच्यांसाठीचं स्वस्तातलं बानकार्ड, म्हणजे रेल्वेचं सवलतकार्ड, आहे. शिवाय नाताळात लेकीकडे जायचं तिकीट त्या सप्टेंबरातच श्पारप्राइसमध्ये, म्हणजे आगाऊ काढणाऱ्यांच्या स्वस्त भाड्यात, काढून ठेवतात आणि जिन्यात भेटल्या की किती वाचले ते सांगतात. सैनिक गणवेशात असेल तर २०२० पासून त्याला रेल्वे फुकट. आणि माझा महिन्याचा पास, देशभरच्या लोकल-रिजनल गाड्यांत चालणारं ते डॉइचलान्ड टिकेट? २०२२च्या उन्हाळ्यात तीन महिने अख्खा देश महिन्याला ९ युरोंत फिरला. ते लोकांच्या इतकं अंगवळणी पडलं की १ मे २०२३ पासून ४९ युरोंचा कायमचा पास काढावा लागला. २०२५ला तो ५८ झाला, २०२६ला ६३. तरी तो त्याच्या खऱ्या किमतीत मिळत नाहीच. केंद्र आणि राज्यं मिळून वर्षाला ३ अब्ज युरो त्यात ओततात आणि कुणी किती ओतायचे यावरून मंत्र्यांची दरवर्षी जुंपते. पण गाडीत बसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही की, तू कुणाच्या पैशावर फिरतोस रे?

हे शेवटचं वाक्य मी दोनदा लिहिलं, कारण त्यामागे बाबा होते. आपल्या रेल्वेच्या तिकिटावर खाली एक ओळ येते: प्रवासाच्या खर्चातले सरासरी ५७ टक्केच रेल्वेला मिळतात. त्याच्याच जोडीला दुसरी, तुमच्या भाड्याचे ४३ टक्के देशाचे सामान्य नागरिक सोसतात हे ठाऊक आहे का, अशी. २०१७मध्ये तर ज्येष्ठांना ही सवलत अर्धी किंवा पूर्ण सोडून देण्याचाही पर्याय दिला होता. बाबांनी ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "म्हणजे मी सामान्य नागरिक नव्हे?" छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पगारातून कापलेला कर कधी चुकला नाही. वर गंमत अशी की प्रवासी गाड्यांची तूट मुख्यतः भरून निघते ती मालगाड्यांच्या कमाईतून, म्हणजे कोळसा, सिमेंट, लोखंड वाहून. उपकार मानायचेच तर कोळशाचे मानावेत.

आणि त्याच महाराष्ट्रात एसटी बघा, हेही लिहिलं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. आमची आई अर्ध्या तिकिटात जाते, बाबा फुकट. मिरजेच्या स्टँडवर दोघं सन्माननीय. तिथून रिक्षाने स्टेशनात गेली की तीच दोघं देशावरचा बोजा.

पाठवून दिलं. काकांनी टाळ्या वाजवल्या. मामेभावाच्या दोन निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही. जिंकल्यासारखं वाटलं. पाच-सहा मिनिटं तरी वाटलं.

कारण मी काय लिहिलं नव्हतं ते मला माहीत होतं. इथल्या तिकिटात जागा मिळत नाही. जागा हवी तर तिचे साडेपाच युरो वेगळे. हे आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. "तिकीट काढूनही उभं राहायचं? मग तिकीट कशाचं?" २०२४मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या, आणि तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरत नाहीत म्हणून. "तिकडच्या गाड्या तशा" म्हणजे कशा, हे मी मामेभावाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सोळा वर्षांत मला एवढं कळलंय की घरच्यांपुढे इथल्या गाड्यांना नावं ठेवली की पुढचा प्रश्न येतो, "मग राहतोस कशाला तिथे?"

आणखी एक लिहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हाम्बुर्गचं तिकीट मी तीन महिने आधी काढलं होतं, मातीमोल भावात. श्पारप्राइस त्या एकाच गाडीला बांधलेला असतो. सकाळी गजर लावायला विसरलो. धावत फलाटावर पोचलो तेव्हा मागचा लाल दिवा दिसत होता. नेमकी त्या दिवशी गाडी वेळेवर. नवीन तिकीट शंभर युरोंच्या वर गेलं. थोडक्यात, इथेही स्वस्ताई आहे ती ज्याचं आयुष्य तीन महिने आधी ठरतं त्याची. ज्याच्या घरून रात्री फोन येतो, "ताबडतोब निघ", त्याच्यासाठी ती नाही. आपल्याकडे तो माणूस काउंटरवर जनरलचं तिकीट घेऊन त्याच भाड्यात त्याच रात्री निघू शकतो. त्या डब्यात मी आता बसेन का, हे कृपया विचारू नका.

डब्यावरून आठवलं. गेल्या हिवाळ्यात शनिवारी याच रिजनलमध्ये समोर पाच पोरं बसली होती. एका बायर्न टिकेटवर, म्हणजे बव्हेरिया राज्यात दिवसभर चालणाऱ्या गट-तिकिटावर, पाचही जण. मीही शिकत असताना असाच फिरायचो. मशीनजवळ उभं राहायचं, अनोळखी चार जण गोळा करायचे आणि पैसे वाटून घ्यायचे. पोरांनी चकल्यांचा डबा उघडला आणि मोठमोठ्याने हिशोब सुरू झाला. "तू मागच्या वेळी कॉफीचे दिले नव्हतेस." "ते सोड, परतीला कोण भरतंय?" मराठी! सांगली-कोल्हापूरकडचीच, "की" लावायची ढब लपत नव्हती. पलीकडची बाई दोनदा वळून बघून गेली. आणि मी, ग्रुपवर बाबांच्या वतीने भांडणारा मी, काय केलं? कानात हेडफोन घातले. गाणं लावलं नव्हतं. नुसतेच घातले.

मग तपासनीस आली. त्या तिकिटावर प्रवास करणाऱ्या सगळ्यांची नावं लिहावी लागतात, आणि पोरांनी एकाचंच लिहिलं होतं. तिने भुवया उंचावल्या. पोरांची पेनासाठी शोधाशोध सुरू झाली. पाच इंजिनियर आणि एकाकडे पेन नाही. मी खिशातून काढून पुढे केलं. "डांके," एक जण म्हणाला. "बिटे," मी म्हणालो. पेन परत आलं, चकलीचा डबाही हिंदीतून पुढे आला, "लीजिए ना सर." मी हाताने नको म्हटलं. मी उतरलो तेव्हा त्यांचा हिशोब अजून चालू होता. एक शब्द मराठीत बोललो असतो तर माझं काय गेलं असतं, हे मला अजून सांगता येत नाही.

मामेभावाचं उत्तर ग्रुपवर नाही आलं, दोन दिवसांनी फोन आला. बाबांना डोळे तपासायला पुण्याला न्यायचं होतं. तारीख अचानक ठरली होती आणि मी नेहमीप्रमाणे इथून फर्मान सोडलं होतं: एसीचंच तिकीट काढ, पैसे मी पाठवतो. सकाळी दहाला तात्काळ उघडतं तेव्हा हा ऑफिसच्या जिन्यात दोन फोन घेऊन बसला होता. एकावर ओटीपी, दुसऱ्यावर पेमेंट. दुसऱ्या दिवशी सकाळच्या कोयना एक्स्प्रेसचं मिळालं.

"दादा, एक सांगू?" तो म्हणाला. "तुझा निबंध वाचला. पण सवलत होती तेव्हाही तात्काळला लागू नव्हती. आणि तात्काळशिवाय आयत्या वेळी आपल्याला तिकीट मिळत नाही. मग तू भांडतोयस ते कुठल्या तिकिटासाठी?"

मला चटकन उत्तर सुचलं नाही. "तत्त्वासाठी," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. "स्वारगेटला मी घ्यायला जातो."

"स्वारगेटला कशाला? कोयना स्टेशनात येते."

तो हसायला लागला. बाबांनी कोयना सोडून दिली होती. पहाटेच जाऊन एसटीत बसले होते, खिडकीची जागा धरून, आधारकार्ड शर्टाच्या खिशात. पेठ नाक्याला चहा घेतल्याचा त्यांचा फोनही येऊन गेला होता. आणि तात्काळचं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर दमडी परत मिळत नाही.

संध्याकाळी मी बाबांना फोन लावला. रागवायचंच ठरवलं होतं. सहा तास एसटी, वय सत्त्याहत्तर, गुडघे तसे, आणि एसीचे पैसे पाण्यात.

"पाण्यात तुझे गेले," ते म्हणाले. "माझे वाचले."

"बाबा, तुमचे कुठे जाणार होते?"

"तेच तर." मग जरा थांबून म्हणाले, "तुझा तो महिन्याचा पास केवढ्याला पडतो म्हणालास?"

"त्रेसष्ट युरो."

गुणाकार तोंडी झाला. शाळा सुटली तरी ती सवय सुटलेली नाही. "सहा हजारांच्या वर. आणि बसायला जागा?"

"गर्दी असली तर नाही मिळत."

"हं," एवढंच म्हणाले. नंतर व्हॉट्सॲपवर फोटो आला. एसटीचं शून्य रुपयांचं तिकीट, वहीच्या पानावर डिंकाने चिकटवलेलं, शेजारी त्यांच्या वळणदार अक्षरात तारीख आणि "मिरज – स्वारगेट, खिडकी". वरच्या बाजूला आधीच्या तिकिटांच्या कडा दिसत होत्या. किती असतील ते मोजायला मी फोटो मोठा करून बघत बसलो आणि माझं स्टेशन मागे गेलं.