आई केपेबल आहे का?

अर्ज इंग्रजीत लागेल, हे बँकेनं आधीच बजावलं होतं. सांगलीची बँक, सांगलीचं खातं, अर्ज वाचणारा माणूस माधवनगरचा. तरी मराठीत दिला की 'वर जातंय ओ ते, वर कोण वाचणार?' वर म्हणजे नक्की कुठं, हे विचारायची सोय नाही.

वडील मिरज जंक्शनला रेल्वेत होते, त्यांच्या मागं आईला पेन्शन आहे. नोव्हेंबर आला की आपण अजून जिवंत आहोत हे सरकारला पटवावं लागतं. 2014 पासून यासाठी 'जीवन प्रमाण' निघालंय, म्हणजे मशीनवर अंगठा टेकवून मिळणारा हयातीचा दाखला, पण आईच्या बोटांच्या रेषा भांडी आणि भाकऱ्यांनी कधीच पुसून टाकल्या. मशीन अंगठा घेत नाही. फोनवर चेहरा दाखवून बघितलं. त्यात डोळे मिचकवा म्हणून सूचना आली. आईनं फोन उलटा ठेवला. "ह्या वयात कुणाला डोळे मारू?"

त्यात महिन्यापूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बँक पहिल्या मजल्यावर, आणि लिफ्ट गणपतीच्या आधीपासून बंद. सत्तरीच्या पुढच्या ग्राहकांना घरी जाऊन सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्येच बँकांना सांगून ठेवलंय. तेवढंच मागायचं होतं. मी कागदावर लिहून नेलं: 'माय मदर इज नॉट एबल टू क्लाइंब द स्टेअर्स.' दहावीचं पोर लिहील इतकं सोपं वाक्य.

टायपिंगच्या दुकानात पोरानं ते टाइप करायला घेतलं, आणि माझ्या खांद्यावरून एक मान पुढं आली. मानेखाली पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात भडंगाची पिशवी. साखर कारखान्यात हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. हे मी विचारलं नव्हतं.

"पाव्हणं, ते एबल काढा."

"का?"

"हलका शब्द आहे. घरात बोलायला ठीक. अर्जाला वजन लागतंय. केपेबल टाका. उलट्या अर्थाला इन्केपेबल. लिही रे, माय मदर इज इन्केपेबल टू क्लाइंब."

पोरानं लिहिलं. माझा अर्ज, माझी आई, पैसे माझे. पण पोरानं त्यांचं ऐकलं. खिशाला दोन पेनं असली की होतं असं.

मी म्हणालो, "केपेबलनंतर टू येत नाही हो. ऑफ येतं. केपेबल ऑफ, आणि पुढच्या क्रियापदाला आयएनजी."

"ऑफ?" त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली. "ऑफ म्हणजे बंद. पंखा ऑफ, लाइट ऑफ. आता आईला ऑफ करताय व्हय?"

दुकानात झेरॉक्ससाठी थांबलेले दोघं हसले. त्यातला एक तर सातबारा घेऊन आलेला. त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता.

"तो ऑफ वेगळा. त्यात एफ एकच."

"एक एफ वाचवून बँक काय देणार आहे तुम्हाला?"

मी चिडलो की समजावत बसतो, ही आमच्या घराण्याची खोड. एबल टू म्हणजे जमतं, नॉट एबल म्हणजे आत्ता जमत नाही. गुडघा भरला की जमेल. इन्केपेबल म्हणजे तिच्यात ती कुवतच नाही. कायद्याच्या कागदात तर त्या शब्दाला माणसाला स्वतःचे व्यवहार कळत नसल्याचा वास येतो, आणि पेन्शनच्या खात्यावर असला वास नको. शिवाय आई कुवत नसलेली बाई नाही. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा ती आमच्या गॅलरीतून शिडीनं बोटीत उतरली, कडेला लोणच्याची बरणी घेऊन. त्या एका दिवशी ते तिनं खरोखर करून दाखवलं, म्हणून तिथंही 'वॉज एबल टू'च म्हणायचं, नुसतं 'कुड' नाही.

"बोटीत उतरल्या?" काका म्हणाले. "मग जिना का चढत नाहीत?"

आता काय बोलणार. मी म्हणालो, लिफ्ट बंद आहे.

"मग ऑफच की ओ!" ते खुश झाले. सातबारावाल्यानं टाळी दिली.

पोरानं शेवटचा निकाल दिला. "काका, खाली लाल रेघ आली नाही. म्हणजे बरोबर आहे." आणि प्रिंट काढली. लाल रेघ स्पेलिंग चुकलं तर येते, हे त्याला सांगण्याइतका जीव माझ्यात राहिला नव्हता. तरी मी अडून बसलो, वाक्य मूळपदावर आणवलं, दुसरी प्रिंट घेतली. पैसे दोन्हींचे लागले. चुकलेली प्रिंट काकांनी घडी घालून खिशात ठेवली. "मॅटर झकास आहे. आमच्या मिसेसलाबी लागंल."

म्हणजे सांगलीत आता अशी एक बाई आहे, जी माझ्या खर्चानं इन्केपेबल टू क्लाइंब होणार आहे. मला त्या वीस रुपयांचं काही नाही. (आहे. पण ते जाऊ दे.) राग याचा, की बरोबर वाक्य मी घसा कोरडा करून सांगायचं आणि चुकीचं वाक्य नुसतं मोठ्यानं बोललं की खपतं.

जिना चढून वर गेलो. काउंटरवरच्या बाईंनी खातेनंबर बघितला, शिक्का मारला, वाक्यावरून नजर नेलीच नाही.

"आईंना एकदा घेऊन या."

"मॅडम, त्या येऊ शकत नाहीत, म्हणूनच तर अर्ज..."

"मग तसं लिहून आणा की."

"मराठीत चालेल?"

"इंग्रजीत."