रोटरी चालवली की कंपाउंड उडणारच? मुळीच नाही

रोटरी (पॅड एकाच अक्षावर गोल फिरवणारं मशीन) आणि कंपाउंड (पेंटवरचे ओरखडे घासून काढणारी पेस्ट) वापरून गाडी पॉलिश करणाऱ्यांत एक सल्ला सतत फिरत असतो: ‘रोटरीने कंपाउंड उडणारच. पेंट जळू नये म्हणून कंपाउंड भरपूर घ्या, वरून पाणी मारत राहा. शेवटी गोल रेषा राहिल्या तर वॅक्सने जातात.’ यातलं एकही वाक्य खरं नाही आणि ते मानणाऱ्याची गाडी बिघडते.

‘उडणारच’: बहुतेक वेळा उडतं ते पॅड हवेत असताना ट्रिगर दाबल्यामुळे किंवा फिरता पॅड उचलल्यामुळे. १५० मिमी पॅडची कड १२०० आरपीएमला (मिनिटाला १२०० फेरे) सेकंदाला साधारण साडेनऊ मीटर धावते, ३००० ला साडेतेवीस. एवढ्या वेगात ओला थेंब पॅडवर टिकणारच नाही. म्हणून मशीन बंद ठेवून पॅडने कंपाउंड ४५ बाय ४५ सेंमी भागात टेकवत पसरवा. पॅड पॅनेलवर टेकलेला असतानाच ६०० वर सुरू करा, एक फेरी मारा, मग १२०० पर्यंत न्या. थांबताना आधी ट्रिगर सोडा, पॅड पूर्ण थांबू द्या आणि मगच उचला. वायर खांद्यावरून मागे टाका, नाहीतर ती पेंटवर घासते.

‘भरपूर कंपाउंड’: मटारएवढे तीन-चार थेंब पुरतात. जास्त झालं की पॅड चिंब होतो, नुसता घसरतो, कापत नाही. मग माणूस जोर लावतो आणि उष्णता वाढते ती तिथेच. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने साफ करा, लोकरीचा असेल तर बादलीच्या आत धरून.

‘पाणी मारा’: पाण्याने कंपाउंड पातळ होऊन आणखी उडतं. पेंट जळतो तो एका जागी थांबल्याने, पॅड तिरका धरल्याने आणि काठावर दाबल्याने. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो, काठांवर त्याहून पातळ. बॉडी लाइन, रबर, एम्ब्लेम यांवर मास्किंग टेप लावाच. पॅडची कड पॅनेलवरून काठाबाहेर जायला हवी. उलट दिशेने ती काठात शिरली की मशीन उसळतं. प्लास्टिकचा बंपर उष्णता पसरू देत नाही, तिथे वेग आणि जोर दोन्ही कमी ठेवा. पॅनेलवर तळहात आरामात टेकवता आला नाही, तर थांबा.

‘वॅक्सने रेषा जातात’: जात नाहीत, झाकल्या जातात. काही धुण्यांनंतर उन्हात पुन्हा दिसतात. मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन, पॅड सपाट ठेवून, १००० च्या आसपास हलक्या हाताने फेऱ्या मारा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून पॅनेल पुसा, म्हणजे रेषांत भरलेलं तेल निघेल. त्यानंतर टॉर्च तिरका धरून पाहा. अजूनही रेषा असतील तर शेवटची फेरी ड्युअल ॲक्शन मशीनने (यात पॅड फिरताना डोलतोही) मारा. त्यात कमीपणा काही नाही.