‘पैसा बुडाला’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर: खोदाईचे नाही, चालू जोडणीचे पैसे द्या

नमस्कार.

भारतनेटवरच्या, म्हणजे ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबर केबलने इंटरनेटला जोडण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेवरच्या, माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. टेलिफोनच्या लायनीवर 28 वर्षं काम केलेला माणूस चिडून लिहितो, तेव्हा त्याला दोन ओळींत वाटेला लावणं बरोबर नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 2011 पासून सरकार गावात इंटरनेट आणतंय, आमच्या पंचायतीतली नेटची पेटी मात्र धूळ खात पडली आहे. गावाला नेट मिळालं ते खासगी कंपन्यांच्या टॉवरमुळे. आता तर उपग्रहावरून नेट येईल. असं असताना तुम्ही आणखी सरकारी पैसा मागता आणि वर आणखी नियमही मागता.

आधी माझी चूक. ‘भारतनेट उशिरा आलं, पण आलं’ असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मी मागे घेतो. 25 ऑक्टोबर 2011 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने योजना मंजूर केली तेव्हा अंदाज होता सुमारे 20,000 कोटी रुपयांचा आणि दोन वर्षांत अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या होत्या. पहिल्या एक लाख पंचायती व्हायलाच डिसेंबर 2017 उजाडला. पुढे 15 ऑगस्ट 2020 ला लाल किल्ल्यावरून 1000 दिवसांत सहा लाख गावांत फायबर नेण्याची घोषणा झाली. ते दिवस मे 2023 मध्ये संपले. सरकारी हिशेबात आज दोन लाखांहून जास्त पंचायती ‘सेवेसाठी तयार’ आहेत. तयार असणं आणि चालू असणं यातला फरक तुमच्याइतका मला कळला नव्हता.

पण पैसा बुडाला म्हणून सरकारने हात काढून घ्यावा, इथे मी तुमच्याबरोबर येऊ शकत नाही.

हा पैसा आला कुठून ते आधी पाहू. 1 एप्रिल 2002 पासून दूरसंचार कंपन्यांकडून सार्वत्रिक सेवेसाठी आकार घेतला जातो. तो त्यांच्या समायोजित महसुलाच्या, म्हणजे एजीआरच्या, 5 टक्के आहे. त्यासाठीच्या निधीला 2003 च्या दुरुस्तीने कायद्याचा आधार मिळाला आणि 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. कंपन्या हा आकार खिशातून भरत नाहीत, तो आपल्या रिचार्जमधूनच जातो. ज्या पाड्यावर फोन लागायला टेकडी चढावी लागते, तिथला माणूसही रिचार्ज करताना गावांना जोडण्यासाठीचा हा आकार भरतोच. वर ही रक्कम थेट निधीत पडतही नाही. ती आधी भारताच्या एकत्रित निधीत जाते आणि अर्थसंकल्पातून मिळेल तेवढीच परत येते. म्हणून ‘सरकारने गावावर खर्च करू नये’ हे वाक्य मला टोचतं. ज्या कामाच्या नावाने पैसा गोळा केला, त्या कामावरच तो खर्च होतोय.

खासगी कंपन्यांनी गावं जोडली हे तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. 2016 नंतर मोबाईल डेटा ज्या वेगाने स्वस्त झाला, त्याचं श्रेय कोणत्याही सरकारी योजनेला देता येणार नाही. पण त्या कंपन्या कुठे थांबल्या तेही बघा. नोव्हेंबर 2021 मध्ये पाच राज्यांतल्या ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांमधल्या 7,287 गावांत 4जी नेण्यासाठी याच निधीतून सुमारे 6,466 कोटी रुपये मंजूर करावे लागले, आणि त्या पाचांत महाराष्ट्र आहे. गडचिरोली आणि नंदुरबार आपलेच. जुलै 2022 मध्ये देशभरातल्या आणखी 24,680 गावांसाठी 26,316 कोटी रुपये मंजूर झाले. ही गावं इतकी वर्षं बाजारासमोरच होती आणि बाजार तिकडे फिरकला नाही. त्यात कंपन्यांचा दोष मी काढत नाही. चाळीस घरांच्या वस्तीवर टॉवरचं डिझेलही सुटत नसेल.

भारतनेटमध्येही खासगी मार्ग चोखाळून झाला आहे. 30 जून 2021 ला मंत्रिमंडळाने 16 राज्यांत सार्वजनिक-खासगी भागीदारी मंजूर केली आणि तूट भरून द्यायला 19,041 कोटी रुपयांची तयारी दाखवली. निविदा निघाल्या, प्रतिसादच आला नाही, आणि सगळी प्रक्रिया रद्द करावी लागली.

आपल्या एसटीची आठवण इथे मुद्दाम काढतो. 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली, आणि पुढे ‘गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एसटी’ हे ब्रीद झालं. मुक्कामाच्या गाडीचा खर्च त्या गावाच्या तिकिटांतून निघत होता का? नाही. तो भरलेल्या मार्गांच्या कमाईतून निघत होता. त्या मुक्कामी गाडीने किती मुली तालुक्याच्या कॉलेजात पोचल्या, हे तुमच्या-माझ्या घरातच मोजता येईल.

उपग्रहाबद्दल थोडक्यात. दरीतल्या एकट्या घराला, पुरात सगळं वाहून गेलेल्या गावाला त्याचा उपयोग आहे आणि तो जरूर व्हावा. पण एका पट्ट्यावरची उपग्रहाची क्षमता सगळ्यांत वाटली जाते, फायबरसारखी घरामागे वाढवता येत नाही. आणि तुमच्या गावातला तो खासगी टॉवर, त्यालाही मागून जोडणी लागतेच. मायक्रोवेव्हवर, म्हणजे केबलऐवजी बिनतारी लहरींवर, चालणाऱ्या टॉवरखाली संध्याकाळी सगळे एकदम फोन घेऊन बसले की काय होतं, हे तुम्ही रोज अनुभवत असाल. त्या टॉवरपर्यंत फायबर गेलं तर खासगी सेवाही सुधारेल.

आता तुमच्या पंचायतीतल्या पेटीकडे येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. ती मेली कशी? पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून बऱ्याच अंतरापर्यंत आधीचीच जुनी केबल वापरली आणि जिथे ती संपत होती तिथून पंचायतीपर्यंतचाच तुकडा नवा टाकला. जुन्या केबलमध्ये किती जॉइंट होते आणि त्यांत प्रकाश किती गळत होता, हे तुमच्या पिढीने हाताने मोजलंय. शिवाय रचना सरळ रेषेची. तालुक्याकडून केबल निघाली, एका गावातून दुसऱ्या गावात गेली. मधे कुठे तुटली की पुढची सगळी गावं एकदम आंधळी.

आणि तुटते कशी ते मी पाहिलंय. मावशीच्या गावाला पाण्याची पाईपलाईन टाकायचं काम चालू होतं. जेसीबीच्या बकेटमध्ये मातीबरोबर काळी नळी वर आली. ठेकेदाराच्या माणसाने ती बाजूला सारली आणि खोदत राहिला. केबल 1.65 मीटर खोल हवी. ती नळी गुडघाभर खोलीवरही नव्हती. कुणाला फोन करायचा हे तिथे उभ्या असलेल्या एकालाही माहीत नव्हतं, मलाही नाही. ती केबल कुणाची होती, हेसुद्धा कुणाला सांगता आलं नाही.

ती नळी उथळ का होती? कारण ठेकेदाराची बिलं निघायची ती टाकलेल्या किलोमीटरवर. पेटी लावली, एकदा दिवा हिरवा झाला, फोटो काढला की काम संपलं. सहा महिन्यांनी दिवा हिरवा आहे का, यावर कुणाचाही रुपया अडकलेला नव्हता. माझ्या मते सगळा घोळ या एका गोष्टीत आहे. दुसऱ्या टप्प्यात आठ राज्यांनी काम स्वतःकडे घेतलं, त्यात महाराष्ट्रही होता, आपल्याकडे त्याला महानेट म्हणतात. काम दिल्लीने केलं काय नि मुंबईने, मोबदला खोदाईचाच असेल तर खोदाईच मिळणार.

म्हणून ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटकडे मी आशेने पाहतो. रक्कम प्रचंड आहे, 1,39,579 कोटी रुपये, आणि ती वाचून तुम्ही चिडलात हे मी समजू शकतो. पण त्यात सरळ रेषेऐवजी रिंग आहे, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील. बांधणाऱ्यावरच 10 वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे. गावातल्या उद्योजकाने घरोघरी जोडणी द्यायची आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा, अशी सोय आहे. केबल टीव्हीच्या काळात आपल्या गावांत हेच घडलं होतं. वायर तुटली की केबलवाला रात्री शिडी घेऊन यायचा, कारण महिन्याचे पैसे त्यालाच गोळा करायचे असत.

नियमांचा मुद्दा तुम्ही ‘इन्स्पेक्टर राज’ म्हणून उडवून लावलात. मला परवाने वाढायला नको आहेत, ते कमीच व्हावेत. मला हवी आहे जाब विचारण्याची सोय. दूरसंचार विभागाने 2023 मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या, म्हणजे किमान वेग, 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएसवर नेली आणि ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, 2024 मध्ये सेवेच्या दर्जाचे नियम नव्याने केले. पण हे नियम ग्राहकाला सेवा विकणाऱ्यांसाठी आहेत. लोकांच्या पैशातून टाकलेली केबल किती दिवस बंद होती, हे प्रत्येक पंचायतीनिहाय, दर महिन्याला जाहीर झालं पाहिजे, आणि देखभालीचं बिल त्यावरून कापलं गेलं पाहिजे. दुसरं, ही केबल कुणा एकाच कंपनीच्या घशात जाऊ नये. गावातला छोटा सेवादार आणि मोठी कंपनी, दोघांना एकाच दराने ती मिळावी. हे बाजार स्वतःहून करत नाही, ते नियामकानेच करायचं असतं.

तुमच्याकडे एक मागणं आहे. येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत त्या पेटीचा विषय घ्या. दिवा शेवटचा कधी लागला होता, बॅटरी आहे का, विजेचं बिल कोण भरतं, तक्रार कुणाकडे करायची आणि आधी केली होती का, एवढं ठरावात लिहून घ्या. जमलं तर केबल कुठे तुटली आहे तेही शोधा. त्या कामात तुमचा हात धरणारा तालुक्यात दुसरा कुणी नसेल. ठरावाची प्रत मला पाठवलीत तर पुढचा लेख मी त्यावरच लिहीन.