होल केवढंय?

बाथरूमच्या छताला बुरशी धरली की घरात दोन पक्ष पडतात. आमच्याकडे मी आणि चिरंजीव "रंग मारून घेऊ" वाले, आणि बायको "आधी वाफ बाहेर काढा, मग रंगाचं बघू" वाली. ती एकटीच असल्यामुळे अर्थातच तिचं बहुमत झालं आणि भर पावसात माझी रवानगी तपकीर गल्लीत झाली.

बुधवार पेठेतली ही इलेक्ट्रिक सामानाची गल्ली, इथे गाडी लावायला जागा मिळणं हेच अर्धं काम. एक्झॉस्ट फॅनवर मी तीन रात्री जागून वाचलेलं, हवा किती फेकतो, आवाज किती, मेटल की प्लास्टिक, सगळं पाठ. काउंटरमागच्या काकांनी मान वर न करता विचारलं, "होल केवढंय?"

"सहा इंची फॅन हवाय."

"फॅनचं नाही विचारलं."

मग कळलं की सहा इंच म्हणजे नुसती पाती फिरतात तेवढा गोल, बॉडी बसायला होल सव्वासात-साडेसात इंच लागतं, आणि तेही प्रत्येक कंपनीचं वेगळं. म्हणून आधी काचवाल्याकडे गेलो, कारण आमच्या खिडकीला पट्ट्यांच्या काचा, त्यातल्या वरच्या काढून अ‍ॅक्रिलिक शीट बसवायची होती. तो म्हणाला, "आधी फॅन आणा, त्याच्या मापाने कापतो. कापलेली शीट परत घेत नाही." काका म्हणाले, "आधी होलचं माप आणा. विकलेला फॅन परत घेत नाही." दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर, आणि मधे मी, छत्री घेऊन. शेवटी फॅनच घेतला, कारण एक ते चार दुकान बंद आणि घड्याळात पावणेएक झालेले.

इलेक्ट्रिशियन "अर्ध्या तासात येतोच" म्हणाला ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. त्याने आधी डक्टमधल्या, म्हणजे सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात त्या बोळकांडीतल्या, कबुतरांना हाकललं, मग फॅनच्या मागच्या झडपा बोटाने उघडमिट करून दाखवल्या, फॅन चालू झाला की वाऱ्याने उघडतात, बंद केला की पडतात, म्हणजे कबुतर आत येणार नाही. कबुतराला हे कोण सांगणार असं मी विचारलं, तो हसला नाही.

चालू केला. भुर्रर्र झकास आवाज, आणि वाफ जागच्या जागी! डब्यावर तासाला अडीचशे घनमीटर लिहिलेलं, आमचं बाथरूम चार बाय सात फूट, म्हणजे जेमतेम सात घनमीटर हवा, कागदावर दोन मिनिटांत साफ व्हायला हवी. त्याने शांतपणे दार वीतभर उघडलं आणि वाफ सरळ रेषेत निघून गेली.

"साहेब, बाहेर जायला आधी आत यायला नको का हवा? दाराखाली फटच नाही तुमच्या."

मग सुतार, मग दार उतरवून खालून अर्धा इंच तासणं, मग हॉलभर भुसा.

आता फॅन मस्त चालतो. आरसा स्वच्छ, छत कोरडं. फक्त बाथरूमच्या दारासमोरच किचन आहे, त्यामुळे ओट्यावर जे शिजेल ते दाराखालून आत येतं आणि डक्टमध्ये जातं. परवा लिफ्टमध्ये वरच्या काकू भेटल्या.

"काल सकाळी लसणाची फोडणी होती ना तुमच्याकडे?"

"हो, तुम्हाला कसं कळलं?"

"मी अंघोळ करत होते."